‘केस’ नेमकी कोणती? जिल्ह्याच्या ठिकाणी पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी एका शब्दाची वाटाडी

‘केस संभाजीनगरला गेली’ हे वाक्य जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या बसस्थानकावर तुमच्या कानावर पडले, तर बोलणाऱ्याच्या घरी आजारपण आहे की भाऊबंदकी आहे, हे नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही. गंभीर रुग्णाला येथून पुष्कळदा छत्रपती संभाजीनगरला हलवतात, आणि खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठही तेथेच आहे. वाक्य तेच, शब्द तोच, गाव तेच. फक्त एका घरात डबा भरायची घाई असते आणि दुसऱ्या घरात वकिलाची फी जमवायची.

मी हा शब्द पाठ्यपुस्तकातून शिकलो नाही. माझ्या मामांना चोपड्याकडून येताना एका ट्रॅक्टरची धडक बसली, आणि पुढची दोन वर्षे दवाखाना, पोलीस ठाणे, न्यायालय आणि विमा कंपनी यांच्या खिडक्यांपुढे मी उभा राहिलो. प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न एकच असे: ‘केस नंबर सांगा.’ एका रुग्णालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या खोलीत मी मोठ्या आत्मविश्वासाने पोलिसांनी दिलेला नंबर सांगितला आणि अर्धा दिवस त्या नंबराचे कागद शोधण्यात गेला. ते तेथे असणे शक्यच नव्हते. चूक त्या माणसाची नव्हती. त्याने केस विचारली, मी केस सांगितली. फक्त दोन्ही केस वेगळ्या होत्या.

गावाकडून पहिल्यांदाच अशा कामासाठी येणाऱ्या, किंवा बाहेरच्या जिल्ह्यातून नोकरीनिमित्त खान्देशात आलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. यात कायद्याचा सल्ला नाही. तो वकिलाकडूनच घ्यावा.

1. निघण्यापूर्वी एक वही आणि एक पिशवी तयार करा

शंभर पानी वही घ्या आणि तिची पाच पाने पाच नंबरांसाठी राखून ठेवा. एकाच अपघातातून किती निरनिराळे नंबर जन्माला येतात, याची कल्पना नसल्यामुळेच नवखा माणूस गोंधळतो. मामांच्या बाबतीत ते असे होते:

- रुग्णालयाच्या केसपेपरावरचा नोंदणी क्रमांक
- रुग्णालयाने पोलिसांना कळवल्याचा एमएलसी क्रमांक
- पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर क्रमांक, ज्याला बोलताना ‘सी.आर. नंबर’ म्हणतात
- ट्रॅक्टरचालकाविरुद्ध न्यायालयात चाललेल्या खटल्याचा क्रमांक
- नुकसानभरपाईच्या दाव्याचा क्रमांक, ज्याच्या आधी ‘एम.ए.सी.पी.’ अशी अक्षरे असतात

या पाचांनाही लोक ‘केस नंबर’च म्हणतात. म्हणून प्रत्येक पानावर नंबराच्या शेजारी तो कोणी दिला, कोणत्या तारखेला दिला आणि कोणत्या वर्षाचा आहे, हे लिहून ठेवा. पोलीस ठाण्याचा क्रमांक दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू होतो आणि प्रत्येक ठाण्याचा वेगळा असतो. त्यामुळे ठाण्याचे नाव आणि वर्ष यांवाचून तो आकडा कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

पिशवीत रुग्णाचे आणि तुमचे आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने सर्व केसपेपर, वाहनाचे आरसी बुक व विमा, बँक पासबुकाची प्रत आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स असू द्या. मूळ कागद खिडकीवर देण्याची वेळ आलीच, तर पोच घेतल्याशिवाय हलू नका.

2. आधी कान लावा: ‘माझा’ की ‘माझी’?

मराठीत ‘केस’ हा शब्द दोनदा राहतो. एक आपला जुना, संस्कृत ‘केश’पासून आलेला, डोक्यावरचा. दुसरा इंग्रजीतून आलेला. दोन्ही सारखेच लिहितात आणि सारखेच उच्चारतात, तरी मराठी माणसाचा सहसा घोटाळा होत नाही, कारण व्याकरण दोघांना दोन निरनिराळ्या रांगांत उभे करते.

डोक्यावरचा तो केस, कोर्टातली ती केस. ‘माझा केस’ गळतो, ‘माझी केस’ लांबते. पुढे प्रत्यय लागला की फरक आणखी स्पष्ट होतो. आपला जुना शब्द अकारान्त पुल्लिंगी असल्यामुळे त्याचे सामान्यरूप ‘केसा’ असे होते आणि आपण ‘केसाला तेल लावले’ असे म्हणतो. परका शब्द मात्र अजून पाहुण्यासारखाच वागतो. भिंत–भिंतीला किंवा वीट–विटेला असा बदल तो स्वतःत होऊ देत नाही, आणि आपण ‘केसला दोन वर्षे झाली’, ‘केसमध्ये दम नाही’ असेच म्हणतो. अनेकवचनात तर तो इंग्रजी शेपूटच घेऊन येतो: ‘त्याच्यावर तीन केसेस आहेत.’ ‘केसेस’ ऐकू आले की डोक्याचा संबंध संपला असे खुशाल समजा.

येथे खान्देशासाठी एक वेगळी सूचना द्यावी लागते. अहिराणीत ‘ला’ऐवजी ‘ले’ लागतो आणि गावले, घरले यांप्रमाणे मूळ शब्द तसाच राहतो. त्यामुळे ‘केसले’ हे रूप दोन्ही अर्थांना चालते आणि सामान्यरूपाची वरची कसोटी तेथे उपयोगी पडत नाही. अशा वेळी लिंगाकडे लक्ष द्या: ‘मना केस’ म्हटले तर डोक्यावरचा, ‘मनी केस’ म्हटले तर कागदावरची. प्रमाण मराठीत शिकलेल्या तरुणांना अमळनेर-साक्रीकडच्या आजीचे बोलणे नीट ऐकायचे असेल, तर ही एकच खूण पुरते.

हेही लक्षात असू द्या की दवाखान्यात रुग्ण पुरुष असला तरी केस स्त्रीलिंगीच राहते. ‘मामांची केस नाजूक आहे, ती वरच्या वॉर्डात हलवली’ यातली ‘ती’ म्हणजे मामाच.

3. मग क्रियापद पकडा

लिंगाने केस डोक्यावरचा नाही एवढे कळते. कागदावरची केस कोणत्या कार्यालयाची, हे क्रियापद सांगते. केसपेपर ‘काढतात’. न्यायालयात केस ‘टाकतात’ किंवा ‘करतात’. जो चिडलेला असतो तो ‘ठोकतो’. पोलिसांकडे केस ‘होते’, म्हणजे आपण काही केले नाही, आपल्यावर ती येऊन पडली असा सूर असतो. डॉक्टर केस ‘घेतात’ किंवा ‘पुढे पाठवतात’. वकीलही केस ‘घेतात’, पण नंतर ती ‘लढवतात’, आणि गावातले ज्येष्ठ ती ‘मिटवतात’. बँकेत किंवा तहसीलमध्ये केस ‘मंजूर होते’ किंवा ‘त्रुटीत निघते’.

काही वाक्ये मात्र वरवर सोपी वाटतात आणि आत खड्डा असतो. ‘तुमची केस पुढे गेली’ असे न्यायालयाच्या आवारात मला सांगितले गेले, तेव्हा काम पुढे सरकले असे समजून मी पेढे घ्यायचाच बाकी होतो. पुढे जाणे म्हणजे तारीख पुढे ढकलली जाणे, हे मला चहाच्या टपरीवर कळले. ‘केस बोर्डावर आहे’ म्हणजे ती त्या दिवशीच्या कामकाजाच्या यादीत आहे. ‘केस निघाली’ हे सर्वांत धोक्याचे. ती सुनावणीला निघाली, निकाली निघाली की गैरहजेरीमुळे काढून टाकली गेली, हे त्याच क्षणी, त्याच माणसाला विचारून घ्या.

4. दवाखान्यातली केस

सरकारी रुग्णालयात पहिले काम म्हणजे केसपेपर काढणे. बाह्यरुग्ण विभागाची खिडकी सकाळी गर्दीची असते. मोबाईलमध्ये आभा, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचे, ॲप असेल आणि रुग्णालयात क्यूआर कोड लावलेला असेल, तर तो स्कॅन करून टोकन घेता येते आणि नाव-वय-पत्ता पुन्हा सांगावा लागत नाही. आभा क्रमांक 14 अंकी असतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

शुल्काबाबत एक नेहमीचा वाद होतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क झाले आणि केसपेपरासाठी पैसे घेणेही बंद झाले. पण वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालये दुसऱ्या विभागाच्या अखत्यारीत येतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि लोक त्यांच्या रुग्णालयांनाही सवयीने ‘सिव्हिल’च म्हणतात. त्यामुळे खिडकीवर हुज्जत घालण्यापूर्वी आपण कोणत्या विभागाच्या रुग्णालयात उभे आहोत, हे पाटीवर वाचून घ्या.

अपघात, विषबाधा, भाजणे, मारहाण अशा रुग्णांच्या केसपेपरावर ‘एमएलसी’ अशी तीन अक्षरे लिहिली जातात. याचा अर्थ वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण एवढाच. रुग्णालय त्याची माहिती पोलिसांना देते, कारण तसे करणे त्याचे कर्तव्य आहे. गावाकडे मात्र या तीन अक्षरांची भाषांतरे फार भीतिदायक होतात. शेतात फवारणी करताना औषध अंगावर उडालेल्या एका शेजाऱ्याच्या घरच्यांनी ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने त्याला आधी खासगीत, मग घरी, मग पुन्हा खासगीत असे फिरवले, आणि त्यात जो वेळ गेला तो परत आला नाही. एमएलसी झाली म्हणजे रुग्णावर किंवा घरच्यांवर गुन्हा दाखल झाला असे मुळीच नाही. उपचार आधी आणि कागद नंतर, हा क्रम सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात 1989 मध्येच स्पष्ट केला आहे. अपघाताची केस आहे म्हणून सरकारी किंवा खासगी कोणताही डॉक्टर तातडीचा उपचार नाकारू शकत नाही.

दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्ड आणि केसपेपर यांच्या प्रती घ्याच. दोन वर्षांनी न्यायालयात जखम किती खोल होती हे सांगायला त्या कागदांशिवाय दुसरा साक्षीदार नसतो.

5. पोलीस ठाण्यातली केस

खरे तर पोलीस ठाण्यात ‘केस’ नसतेच. तेथे ‘गुन्हा’ असतो. तुम्ही दिलेल्या माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसला, तर प्राथमिक माहिती अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदवला जातो. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असून, पूर्वी 154 कलमाखाली होणारे हे काम आता 173 व्या कलमाखाली होते. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ती मागा. लाजू नका.

अदखलपात्र प्रकरणात मात्र फक्त ‘एन.सी.’ नोंदवली जाते. तिच्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हातात एन.सी.ची चिठ्ठी घेऊन ‘आम्ही केस केली’ असे सांगत महिनोन्‌महिने वाट पाहणारी माणसे मी पाहिली आहेत. चिठ्ठीवरचे कलम आणि ‘दखलपात्र’ किंवा ‘अदखलपात्र’ हा शब्द आधी वाचा, आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.

एफआयआर आपल्याजवळ नसेल, तर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर ठाण्याचे नाव व वर्ष देऊन शोधता येतो. संवेदनशील गुन्हे वगळता तो 24 तासांत संकेतस्थळावर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितले आहे.

6. न्यायालयातली केस

तपास संपून दोषारोपपत्र न्यायालयात गेले, की त्याला नवा क्रमांक मिळतो. सी.आर. नंबर येथे संपतो आणि ‘आर.सी.सी.’ किंवा ‘एस.सी.सी.’ अशी अक्षरे लागलेला क्रमांक सुरू होतो. जमिनीचा किंवा पैशाचा वाद असेल, तर ‘आर.सी.एस.’ असते आणि मराठीत त्याला दावा म्हणतात. निकाल मिळाल्यावर त्याची अंमलबजावणी करून घेण्यासाठी ‘दरखास्त’ करावी लागते, आणि तिचाही क्रमांक निराळा असतो. दावा जिंकूनही दरखास्त न केल्यामुळे जमीन ताब्यात न आलेली घरे खान्देशात काही थोडी नाहीत.

या सर्व क्रमांकांहून एक क्रमांक अधिक मोलाचा आहे: सीएनआर, म्हणजे न्यायालयातल्या प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतःचा वेगळा क्रमांक. तो 16 वर्णांचा असतो. त्यात पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग आस्थापनेचे दोन अंक, सहा अंकी क्रमांक आणि शेवटी चार अंकी वर्ष अशी मांडणी असते. ई-कोर्ट्स ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झाले आणि कोणत्या न्यायालयात काम आहे, हे घरबसल्या दिसते. सीएनआर ठाऊक नसेल, तर पक्षकाराच्या नावावरून किंवा पोलीस ठाणे व एफआयआर क्रमांकावरूनही शोध घेता येतो. वहीतले तिसरे पान येथे कामाला येते.

अपघाताच्या बाबतीत सर्वांत महागडा गैरसमज असा की पोलिसांत केस झाली, म्हणजे नुकसानभरपाईचीही केस झाली. चालकाविरुद्धचा खटला सरकार चालवते, आणि त्यात त्याला शिक्षा झाली तरी तुमच्या दवाखान्याचा खर्च त्यातून आपोआप सुटत नाही. भरपाईचे काम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे स्वतंत्र चालते. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात त्यासाठी अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आली आहे; म्हणून प्लास्टर निघण्याची वाट न पाहता वकिलाला पहिल्या महिन्यातच भेटा.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अक्कलकुवा-धडगावकडून येणाऱ्या कुटुंबांनी तर हे आधी विचारावे. 15100 या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. ‘साहेबांची ओळख आहे, केस मिटवून देतो’ म्हणत बसस्थानकापासून पाठीमागे येणाऱ्या गोडबोल्या माणसाला मात्र लांबूनच नमस्कार करा; केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार मला त्याच्यामुळे नीट समजला.

7. एवढे अर्थ आले कोठून? (घाईत असलेल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल)

मामा वॉर्डात असताना रात्री जागायला माझ्याकडे एक जुना इंग्रजी शब्दकोश होता, आणि त्यात मला पहिल्यांदा कळले की इंग्रजीतही ‘केस’ हा एक शब्द नसून दोन आहेत. दोन लॅटिन शब्द फ्रेंचमधून फिरून आले आणि इंग्रजीत पोचेपर्यंत त्यांचे रूप एक झाले.

पहिल्याचे मूळ ‘कादेरे’, म्हणजे पडणे. त्यापासून ‘कासुस’: पडणे, येऊन पडलेली गोष्ट, घडलेला प्रसंग. रुग्णाची केस, पोलिसांची केस, न्यायालयाची केस या सर्व याच घराण्यातल्या. मी ज्या दारातून मामांना आत नेले, त्यावर ‘कॅज्युअल्टी’ लिहिले होते. तो शब्द याच मुळाचा. ‘ॲक्सिडेंट’ही त्याचाच, आणि ‘चान्स’ही. सरकारी नोकर टाकतात ती ‘कॅज्युअल लीव्ह’ सुद्धा त्याच घरची. मराठीत आपण ‘संकट कोसळले’, ‘प्रसंग ओढवला’, ‘गाठ पडली’ असे म्हणतो. अचानक घडलेल्या गोष्टीला पडण्याची क्रिया चिकटवण्याची खोड आपल्यालाही आहे, त्यामुळे हे नाते मला फार परके वाटले नाही.

दुसऱ्याचे मूळ ‘कापेरे’, म्हणजे धरणे, सामावून घेणे. त्यापासून ‘काप्सा’, म्हणजे पेटी. सूटकेस, शोकेस, घड्याळजी ज्याला घड्याळाची केस म्हणतो ते बाहेरचे कवच, ही सारी तिची मुले. मामांना दिवसातून दोनदा दिली जाणारी ‘कॅप्सूल’ म्हणजे छोटी पेटी. औषधाच्या दुकानात मोजलेली ‘कॅश’ म्हणजे मुळात पैशांची पेटी. जुनी ‘कॅसेट’ही पेटीच. आणि त्या ट्रॅक्टरच्या आरसी बुकात लिहिलेला ‘चॅसी नंबर’ फ्रेंच वळणाने त्याच पेटीतून आलेला आहे. एका अपघाताच्या फाईलमध्ये दोन्ही लॅटिन घराणी शेजारी-शेजारी बसलेली होती, आणि त्यांचे आपसांत काहीही नाते नव्हते.

8. विद्यार्थ्यांसाठी: व्याकरणातली आणि कळफलकावरची केस

इंग्रजी घेऊन बी.ए. करणाऱ्यांना ‘केस’ पुन्हा भेटते ती विभक्ती म्हणून. ग्रीक व्याकरणकारांनी नामाच्या रूपांना ‘प्तोसिस’, म्हणजे पडणे, असे नाव दिले. रोमनांनी त्याचा शब्दशः अनुवाद ‘कासुस’ केला. प्रथमा उभी आणि बाकीची रूपे तिच्यापासून कललेली, अशी ती कल्पना होती. तोच ग्रीक शब्द नेत्रविभागाच्या केसपेपरावर ‘टोसिस’ म्हणून दिसतो, आणि तेथे त्याचा अर्थ पापणी खाली पडणे असा असतो. आपले ‘पतन’ हेही त्या ग्रीक शब्दाचे दूरचे नातलग आहे. ‘विभक्ती’ मात्र पडण्यावरून नव्हे, विभागण्यावरून आलेली. त्यामुळे शब्द एकमेकांना प्रतिशब्द असले, तरी त्यांच्यामागची चित्रे वेगळी आहेत. परीक्षेत एक फसगत हमखास होते: इंग्रजीतले ‘मी’ कानाला आपल्या ‘मी’सारखे लागते, पण त्याचा अर्थ ‘मला’ असा आहे.

संगणक टायपिंगच्या वर्गात ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ ऐकू येते. येथली केस पेटीच्या घराण्यातली आहे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यासमोर दोन पेट्या असत. वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत लहान. देवनागरीत हा भेद नाही, म्हणून मराठी माध्यमातून आलेल्यांचे पासवर्ड वारंवार चुकतात: ‘केस सेन्सिटिव्ह’ या सूचनेचा अर्थ इंग्रजी अक्षर मोठे की लहान हे जसेच्या तसे टाका, एवढाच आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर मात्र शिफ्ट दाबल्यावर अक्षर मोठे होत नाही, ते दुसरेच होते. शिफ्ट अडकून राहिली तर ‘केस’ टंकायला जाऊन ‘खएश’ उमटते.

9. अर्ज लिहिताना ‘केस’ टाळा

बोलताना ‘केस’ म्हणायला हरकत नाही. खिडकीपलीकडचा माणूस तुमचा चेहरा पाहून अर्थ लावतो. कागदाला चेहरा दिसत नाही. म्हणून अर्जात नेमका शब्द वापरा. फौजदारी असेल तर ‘खटला’, दिवाणी असेल तर ‘दावा’, तहसील किंवा बँकेचे असेल तर ‘प्रकरण’, दवाखान्याचे असेल तर ‘रुग्ण’ किंवा ‘रुग्णनोंद’. इंग्रजी कायद्यात जेथे ‘परिस्थिती असेल त्याप्रमाणे’ अशा अर्थाने केस येते, तेथे मराठी अधिनियमांत ‘यथास्थिति’ असते. अर्जात तो शब्द मुद्दाम घालण्याची गरज नाही, पण नोटिशीत दिसला तर दचकू नका.

मी आता मामांसाठी अर्ज लिहितो तो असा: ‘अमुक पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर क्रमांक अमुक, वर्ष अमुक, यातील जखमी व्यक्तीच्या, अमुक तारखेस दाखल झालेल्या, नोंदणी क्रमांक अमुक असलेल्या रुग्णनोंदीची साक्षांकित प्रत मिळावी.’ वाक्य लांबलचक आहे आणि त्यात ‘केस’ हा शब्द एकदाही नाही. परवा हाच अर्ज घेऊन मी त्याच नोंदींच्या खोलीत गेलो. समोरच्या बाईंनी तो वाचला, उठून कपाटापर्यंत गेल्या आणि तेथूनच विचारले, ‘ट्रॅक्टरवाली केस ना?’